सूर्याच्या वाटेवर शुक्राच्या सात भेटी

(१९८६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात २८ डिसेंबर २०२५ रोजी केलेलं भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि मागच्या शेडमधून मसालेभाताचा वास यायला लागला आहे. तेव्हा भाषण लांबलं तर तुम्ही काय कराल याची मला कल्पना आहे. आपल्या वर्गाचा तो लौकिक जुनाच आहे.

कालपासून जो भेटला त्याने एकच विचारलं, "तू कशावर बोलणार?" मी म्हटलं, "शुक्रावर." एकाने लगेच विचारलं, "पत्रिका बघायला लागलास की काय?" नाही बाबा. गेली ३० वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतोय. पत्रिकेतल्या शुक्राशी माझी ओळख नाही. संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला जी ठसठशीत चांदणी दिसते, तिच्याविषयी बोलणार आहे. आणि सूर्याकडे निघालेल्या एका यानाला त्या चांदणीपाशी सात वेळा का जावं लागलं, त्याविषयी.

पण सुरुवात शाळेपासूनच करावी लागेल. डिसेंबर १९८५. आपण दहावीत. आपल्या विज्ञानाच्या सरांनी साध्या लंबकाचा प्रयोग दिला होता. सरांचं नाव मी घेत नाही, कारण परवा फोनवर त्यांनी दम दिलाय, "भाषणात माझं नाव घेतलंस तर मी उठून घरी जाईन." ते पहिल्या रांगेतच बसलेत, म्हणून जपून बोलतो.

प्रयोग तुम्हाला आठवत असेल. दोऱ्याला गोळा बांधायचा, २० दोलनांना किती सेकंद लागतात ते मोजायचं, दोऱ्याची लांबी बदलून पुन्हा मोजायचं. लांबीला दोलनकाळाच्या वर्गाने भागलं की उत्तर दर वेळी साधारण सारखं येतं, २४.८ च्या आसपास. शाळेत स्टॉपवॉच एकच, मुलं ५२. माझा नंबर लागेपर्यंत संध्याकाळ झाली असती, आणि मला गॅदरिंगच्या नाटकाच्या तालमीला पळायचं होतं. मी उत्तरावरून उलट गणित केलं. दहा लांब्या, दहा वेळा, सगळीकडे बरोब्बर २४.८. पाच मिनिटांत प्रयोग संपला.

दुसऱ्या दिवशी सरांनी वही उघडली, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "लंबक इतका आज्ञाधारक नसतो रे."

मारलं नाही, वर्गात नावही घेतलं नाही. तीन दिवस शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबवून घेतलं. मी मोजायचो, सर शेजारी पेपर तपासत बसायचे. एक रीडिंग फारच वेडंवाकडं आलं. मी खोडरबर काढला, तर म्हणाले, "खोडू नकोस. राहू दे. शेजारी लिही, असं का आलं असेल." त्या तीन दिवसांत माझी नाटकातली भूमिका गेली. ज्याला मिळाली तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याचे संवाद तेव्हाही पाठ नव्हते, आजही नसतील.

मला फार राग आला होता. दहावीत इतक्या घाईच्या वेळी या माणसाने माझा वेग का रोखला, असं वाटत राहिलं. हा राग मनात ठेवूनच पुढच्या एप्रिलमध्ये मी त्यांच्यामागून टेकडीवर गेलो. परीक्षा संपली होती आणि पहाटे चार वाजता सर आपल्याला हॅलेचा धूमकेतू दाखवायला घेऊन गेले होते. आठवतंय? शेपटीवाला तारा बघायला गेलो आणि दिसला कापसाचा पुंजका. त्या थंडीत सरांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. रशियाची वेगा नावाची दोन यानं जून १९८५ मध्ये शुक्राजवळून गेली, जाता जाता त्यांनी शुक्राच्या हवेत फुगे सोडले, आणि शुक्राच्या गुरुत्वाने वळून मार्च १९८६ मध्ये ती धूमकेतूपाशी पोचली. 'वेगा' हे नावच व्हेनेरा आणि गॅलेई, म्हणजे रशियन भाषेतले शुक्र आणि हॅले, यांच्या पहिल्या अक्षरांचं. आपल्यातल्या एकीने विचारलं होतं, "सर, शुक्र काय नाक्यावरचा पोलीस आहे का, गाड्या वळवायला?" सर म्हणाले होते, "तसंच समज."

आता त्या पोलिसाकडे वळू.

सूर्याकडे जाणं सोपं असेल असं आपल्याला वाटतं. एवढा मोठा गोळा, एवढं त्याचं गुरुत्व, यान सोडलं की गेलं खाली. तसं होत नाही. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते आहे आणि पृथ्वीवरून निघणाऱ्या यानाला हा वेग जन्मतःच मिळालेला असतो. धावत्या एसटीच्या खिडकीतून पेरूचं देठ सोडलं तर ते सरळ खाली पडत नाही, गाडीबरोबर पुढेही जातं. तसंच यान सूर्याकडे न पडता त्याच्या बाजूने निघून जातं. पडायचं असेल तर हा आडवा वेग मारावा लागतो. मंगळाला जायला लागते त्याच्या ५५ पट ऊर्जा सूर्याकडे जायला लागते, असं नासा सांगते. सूर्याकडे जाण्यातली खरी अडचण आहे ती वेग टाकून देण्याची.

हा वेग टाकायचा कुठे? इतकं इंधन नेणारं रॉकेट नाही. आधीचा विचार गुरू ग्रहाकडून वळण घ्यायचा होता. गुरू दांडगा आहे, एका फटक्यात काम झालं असतं. पण तो सूर्यापासून इतका लांब, की तिथे सौर पट्ट्यांना पुरेसं ऊन मिळत नाही, अणुइंधन न्यावं लागलं असतं. शिवाय इतक्या लांबच्या फेऱ्यात सूर्यापाशी मोजक्याच वेळा जाता आलं असतं. मग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेतल्या यानपिंग ग्वो यांनी दुसरा मार्ग आखला. गुरूकडे जायचंच नाही. शेजारच्या शुक्रापाशी सात वेळा जायचं आणि दर वेळी थोडा थोडा वेग तिथे ठेवून यायचं.

ते यान म्हणजे पार्कर सोलर प्रोब. १२ ऑगस्ट २०१८ ला ते केप कॅनाव्हेरलहून निघालं. वजन सुमारे ७०० किलो, म्हणजे आपल्या जुन्या मारुती ८०० हून फार जास्त नाही.

ग्रहाच्या जवळून असं निघून जाण्याला फ्लायबाय म्हणतात. यान थांबत नाही, उतरत नाही, जाता जाता भेटतं. त्यात वेग कमी कसा होतो? क्रिकेट खेळलेल्यांना लगेच कळेल. जोरात आलेल्या चेंडूला बॅट पुढे नेऊन मारली की तो दुप्पट वेगाने जातो. पण बॅट सैल धरून चेंडूबरोबर किंचित मागे घेतली, तर तोच चेंडू पायाशी मरून पडतो. शुक्र सेकंदाला ३५ किलोमीटरने धावतोय, तो म्हणजे हलणारी बॅट. फक्त इथे स्पर्श होत नाही, काम गुरुत्वाने होतं. यान शुक्राच्या मागून गेलं तर त्याला वेग मिळतो, पुढून गेलं तर शुक्र त्याचा वेग काढून घेतो. आपण वर्गात शिकवतो ते नेहमी पहिलं उदाहरण, ग्रहाने दिलेला धक्का. पार्करला पाहिजे होतं ते दुसरं, ग्रहाने लावलेला ब्रेक.

पहिली भेट ३ ऑक्टोबर २०१८ ला झाली. महिनाभरात यान सूर्यापासून सुमारे अडीच कोटी किलोमीटरवर गेलं. त्याआधीचा विक्रम १९७६ मधल्या हेलिओस २ चा होता, ४ कोटी ३० लाख किलोमीटरच्या आसपास. तो पहिल्याच फेरीत मोडला. मग डिसेंबर २०१९, जुलै २०२०, फेब्रुवारी २०२१, ऑक्टोबर २०२१, ऑगस्ट २०२३ आणि शेवटची ६ नोव्हेंबर २०२४. दर भेटीनंतर यानाची कक्षा थोडी आक्रसत गेली. सातव्या वेळी ते शुक्राच्या पृष्ठभागापासून फक्त ३८० किलोमीटरच्या आसपास होतं. पुण्याहून गोव्याला जायला याहून जास्त रस्ता तुडवावा लागतो.

आणि मग २४ डिसेंबर २०२४. गेल्या वर्षी याच आठवड्यात हे यान सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवरून गेलं. ऐकायला ६१ लाख मोठं वाटतं. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं अंतर एक मीटर धरलं, तर यान सूर्यापासून चार सेंटीमीटरवर होतं. तेव्हाचा वेग ताशी ६ लाख ९२ हजार किलोमीटर. मुंबई ते पुणे एका सेकंदाच्या आत. माणसाने बनवलेली दुसरी कोणतीही वस्तू इतक्या वेगाने गेलेली नाही.

इथे माझे विद्यार्थी नेहमी अडवतात. "सर, शुक्राने सात वेळा वेग कमी केला, मग हे सगळ्यांत वेगवान कसं?" प्रश्न बरोबर आहे. शुक्रापाशी वेग कमी झाला म्हणूनच ते सूर्याकडे जास्त खोल पडू शकलं, आणि जितकं खोल पडलं तितका वेग वाढला. ब्रेक लागला नसता तर ते आडव्या वेगाने सूर्यापासून लांबलांबच फिरत राहिलं असतं.

हे उत्तर मी फळ्यावर कित्येक वेळा लिहिलंय. स्वतःला ते लागू करून बघायचं मात्र सुचलं नव्हतं.

ज्यांच्या नावाचं हे यान, त्या युजीन पार्कर यांचीही गोष्ट सांगतो. सूर्यातून सतत कणांचा वारा वाहत असतो, असं त्यांनी १९५८ मध्ये गणिताने मांडलं. ज्या तज्ज्ञांकडे तो लेख तपासायला गेला त्यांनी तो छापू नये असं कळवलं. त्या नियतकालिकाचे संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही कल्पना फारशी पटली नव्हती. पण त्यांनी गणित तपासलं, त्यात चूक सापडली नाही, म्हणून तज्ज्ञांचं मत बाजूला ठेवून लेख छापला. आपल्याला आवडतं की नाही हा एक प्रश्न, आकडे खरे आहेत की नाही हा दुसरा.

पुढची गंमत बघा. चारच वर्षांनी, १९६२ मध्ये, मरिनर २ हे यान शुक्राकडे गेलं. दुसऱ्या ग्रहाजवळून यशस्वीपणे गेलेलं ते पहिलं यान. शुक्राकडे जाताना वाटेत त्याला हा वारा सतत लागत राहिला आणि पार्कर यांचं म्हणणं खरं ठरलं. शुक्राच्या वाटेवर सौर वारा सापडला, आणि ५६ वर्षांनी त्या वाऱ्याच्या उगमाकडे जायला पुन्हा शुक्राचीच मदत घ्यावी लागली. यान उडालं तेव्हा ९१ वर्षांचे पार्कर स्वतः बघायला हजर होते. हयात माणसाचं नाव नासाने यानाला द्यायची ती पहिलीच वेळ. २८ एप्रिल २०२१ ला यान सूर्याच्या प्रभामंडलात शिरलं. प्रभामंडल म्हणजे कोरोना, दोन वर्षं आपण ज्या नावाला घाबरलो तेच. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश आणि त्याच्या वरचा हा विरळ थर दहा लाख अंशांच्या वर. शेगडीपासून लांब जावं तसं जास्त भाजावं, असा हा प्रकार. तो का, हे शोधायलाच यान गेलंय. यान तिथे शिरल्याची बातमी त्या डिसेंबरात जाहीर झाली, आणि मार्च २०२२ मध्ये पार्कर गेले.

आता माझ्या गोष्टीतला मुख्य भाग. यानावर विस्पर नावाचा कॅमेरा आहे. तो सूर्याभोवतालचा वारा टिपायला नेलेला. ११ जुलै २०२० च्या तिसऱ्या भेटीत तो शुक्राच्या रात्रीच्या बाजूकडे वळवला. शुक्रावर कायम दाट ढग. त्यामुळे ढगांचेच फोटो येतील, अशी अपेक्षा होती. फोटो आला तर त्यात एक काळसर डाग. तो होता शुक्रावरचा आफ्रोडाइटी टेरा नावाचा सर्वांत मोठा उंच प्रदेश. जमीन दिसत होती!

असं कसं झालं? शुक्राची जमीन ४६० अंशांहून जास्त तापलेली असते. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड अंधारात मंद लाल दिसतं, तशी ती जमीन रात्री मंद लकाकते, आणि तो उजेड थोडासा ढगांतून बाहेर येतो. उंच भाग भोवतालपेक्षा सुमारे ३० अंशांनी थंड, म्हणून काळसर दिसला.

पण मला भावलं ते शास्त्रज्ञांनी पुढे काय केलं ते. अपेक्षेप्रमाणे ढग दिसले असं त्यांनी लिहून टाकलं नाही, आणि मोठा शोध लागला म्हणून नाचलेही नाहीत. प्रयोगशाळेत जाऊन कॅमेऱ्याला कोणता प्रकाश कितपत दिसतो ते पुन्हा तपासलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये चौथी भेट होती. त्या वेळी रात्रीच्या बाजूचे पुन्हा फोटो घेतले. जुन्या मॅगेलन यानाने रडारने काढलेल्या नकाशांशी ताडून पाहिले. जुळले. तेव्हा कुठे २०२२ मध्ये सांगितलं की, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात अवकाशातून शुक्राची जमीन पहिल्यांदाच दिसली आहे.

त्याच तिसऱ्या भेटीत यानाच्या दुसऱ्या एका उपकरणाने सात मिनिटं एक मंद रेडिओ संदेश टिपला. तो शुक्राच्या वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातून येत होता. यान त्या थरातून चक्क घुसून गेलं होतं. त्यावरून कळलं की सूर्य शांत असतो तेव्हा शुक्राभोवतीचा हा थर विरळ होतो. गेलो सूर्याच्या कामाला आणि वाटेत शेजाऱ्याची तब्येत कळली, असं झालं.

गेल्या वर्षी हे सगळं मी अकरावीच्या वर्गात रंगवून सांगत होतो. पार्करची ती जवळची भेट नुकतीच झाली होती. एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, त्यांना ढग दिसायला हवे होते आणि जमीन दिसली. मग त्यांनी जर्नलमध्ये काय लिहिलं?"

वर्ग हसला. मी हसलो नाही. कारण त्याच आठवड्यात मी त्या वर्गाच्या तीसेक प्रॅक्टिकलच्या जर्नलांवर सह्या केल्या होत्या. सगळ्यांची रीडिंग्ज एकसारखी, दशांश चिन्हापर्यंत. एकाने केलेलं सगळ्यांनी उतरवलेलं, आणि त्या एकाने गेल्या वर्षीच्या जर्नलातून. मला ते दिसत होतं. पण परीक्षा तोंडावर, अंतर्गत गुण पाठवायचे, कुणाचे कमी केले तर पालक येणार. खाली बघत सह्या करत गेलो. काही वर्षं असंच चाललं होतं. म्हणजे ज्या मुलाला सरांनी तीन दिवस थांबवून घेतलं, तोच मुलगा मोठा होऊन तीस मुलांना न थांबवता पुढे सोडत होता.

त्या मुलीला मी उत्तर दिलं, "त्यांनी जे दिसलं तेच लिहिलं." आणि घरी आल्यावर झोप लागली नाही.

पुढच्या सोमवारी जर्नलं परत दिली. म्हटलं, लंबक पुन्हा करायचा. उत्तर चुकलं तर गुण जाणार नाहीत, रीडिंग दुसऱ्याचं असेल तर जातील. मुलं वैतागली. दोन पालक येऊन गेले, एकांनी विचारलं, क्लासच्या वेळेत हे कसलं खूळ. वरिष्ठांनीही बोलावून समजावलं. सगळं सुधारलं असं सांगायला मी उभा नाही. या वर्षीही काही जर्नलं उतरवलेलीच आहेत, मला दिसतात. पण थोड्या मुलांच्या वह्यांत आता एखादं वेडंवाकडं रीडिंग असतं आणि शेजारी लिहिलेलं असतं, "पंखा चालू होता." ते वाचून मला जो आनंद होतो तो मी तुम्हाला सांगू शकत नाही.

थोडं शास्त्र राहिलंय, ते संपवतो, कारण मसालेभात आता खरंच तयार झालाय. शुक्राकडून वळण घेणारं पार्कर एकटं नाही. युरोपचं सोलर ऑर्बिटर फेब्रुवारी २०२० मध्ये निघालं. तेही शुक्रापाशी जातं, पण त्याचं काम वेगळं. सगळे ग्रह साधारण एकाच पातळीत फिरतात, त्यामुळे सूर्याचे ध्रुव आपल्याला नीट दिसत नाहीत. १८ फेब्रुवारी २०२५ ला हे यान शुक्रापासून ३७९ किलोमीटरवरून गेलं, आणि शुक्राने त्याची कक्षा १७ अंशांपर्यंत कलती केली. महिन्याभरात त्याने सूर्याच्या दक्षिण ध्रुवाचे फोटो घेतले. एकाला शुक्र खाली उतरवतो, दुसऱ्याला मान उंच करून बघायला लावतो. सगळ्यांना एकच औषध नाही. हे इथल्या बाईंना आणि सरांना सांगायची गरज नाही.

आपलं आदित्य एल-१ मात्र शुक्राकडे जात नाही. ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर राहून सूर्याकडे टक लावून बघतं. त्यावरची सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुकात तयार झाली. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं पुण्यात आहेत, त्यांना एकदा आयुका बघून यायला जरूर सांगा.

आता शेवटचं. यानाने गमावलेला वेग जातो कुठे? तो शुक्राला मिळतो. हिशेब चुकत नाही. यान जितकं मंदावतं, त्या प्रमाणात शुक्र पुढे ढकलला जातो. पण शुक्र यानाच्या इतके पट जड आहे की त्या आकड्यात सातावर एकवीस शून्यं लागतात. त्यामुळे यानाची सगळी वाट बदलते आणि शुक्राला झालेला फरक कुठल्याही उपकरणाने मोजता येत नाही.

हे भाषण लिहिताना मला वाटलं, चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या तीन दिवसांबद्दल सरांना एकदा सांगावं. माफी मागावी की आभार मानावेत, हे नक्की नव्हतं. परवा फोन केला. सगळी हकीकत सांगितली. लंबक, २४.८, खोडरबर, नाटक. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग सर म्हणाले, "अरे, मला काहीच आठवत नाहीये. तशी पुष्कळ पोरं थांबवून घेतली असतील मी."

मला आधी थोडं वाईट वाटलं. चाळीस वर्षं मी ज्याचा राग धरला आणि ज्याच्यावर आता जगतोय, ते त्यांच्या लक्षातही नाही. मग हसू आलं. शुक्राला तरी कुठे कळतं?

पुढे सरांनीच विचारलं, "त्या यानाचं आता काय? पुन्हा शुक्राकडे जाणार?"

म्हटलं, "नाही सर. सातवी भेट शेवटची होती. आता कक्षा ठरली. ८८ दिवसांनी एक फेरी, आणि दर फेरीत सूर्याच्या तितकंच जवळ."

"मग चांगलं आहे की," सर म्हणाले. "आता त्याचं त्याला फिरू दे. तू ते रीडिंग खोडलं नाहीस ना?"

"नाही सर. वही अजून आहे माझ्याकडे."

ती वही मी आज बरोबर आणली आहे. जेवणं झाली की सरांना दाखवणार आहे, सही राहिली होती.

जाता जाता एक. आज संध्याकाळी बाहेर जाऊन शुक्र शोधू नका, दिसणार नाही. सध्या तो सूर्याच्या पलीकडे, त्याच्या झगमगाटात लपलाय. शुक्राच्या जागा दर आठ वर्षांनी जवळजवळ तशाच्या तशा परत येतात, आणि चाळीस म्हणजे पाच वेळा आठ. त्यामुळे १९८५ च्या डिसेंबरात, मी प्रयोगशाळेत तोंड पाडून लंबक मोजत होतो तेव्हाही, तो असाच सूर्याआड होता. फेब्रुवारीच्या अखेरीस संध्याकाळी पश्चिमेला दिसू लागेल. तेव्हा गच्चीवर जा, नातवंडं असतील तर त्यांना घेऊन जा, आणि दिसला की आपल्या ग्रुपवर टाका. फोटो हललेला आला तरी टाका. दुसऱ्याचा उचलून मात्र टाकू नका, सर बघताहेत.